लक्ष्मी उनी तर बठी कोठे? देवपुरातल्या एका दाराचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सरांचा फोन आला. "तू फेंगशुईचं बघतोस म्हणे. आमचं दार बघून जा एकदा."

सरांनी मला आठवी-नववीला भूमिती शिकवलेली. त्यांना नाही म्हणायची हिंमत अजून झालेली नाही. दुपारी चारला, म्हणजे धुळ्यात कुत्रंसुद्धा उभ्या गाडीखालून बाहेर येत नाही त्या वेळी, मी देवपुरात पोहोचलो. वेळ मुद्दाम निवडली होती. दार सगळ्यात जास्त त्रास देतं तेव्हाच ते पाहावं. सकाळी सातला सगळीच दारं प्रसन्न दिसतात.

फाटक उघडलं, अंगण ओलांडलं, कडी वाजवली. आतून काकूंचा आवाज आला, "ते दार उघडत नाही भाऊ, मागून या!" घराला वळसा घालून, धुण्याच्या दगडाशेजारून, स्वयंपाकघराच्या दारानं मी आत शिरलो. अर्धं प्रकरण मला तिथेच कळलं. ज्या दारासाठी मला बोलावलं होतं, त्या दारानं या घरात कुणी येतच नव्हतं. दूधवाला मागून, पाहुणे मागून, पुण्याहून मुलगा-सून आले तर तेही मागून. पुढच्या दाराची लक्ष्मीसाठी मात्र जय्यत तयारी करून ठेवलेली.

थोडं माझ्याविषयी. मी घरांचे नकाशे काढतो. वास्तुशास्त्र विचारणारे पहिल्यापासून होते. फेंगशुई, म्हणजे चिनी वास्तुशास्त्र, विचारणारे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून वाढले, म्हणून वाचावं लागलं, आणि वाचता वाचता त्याची गोडी लागली. "तुमचा विश्वास आहे का?" असं दर घरी विचारतात. मी म्हणतो, आधी मोजून घेऊ. मोजणी होईपर्यंत विचारणारा प्रश्न विसरलेला असतो.

तर मोजणी. प्लॉट ३० बाय ५०. रस्ता पश्चिमेला, फाटक पश्चिमेला, दार पश्चिमेला. फाटकासमोर कॉलनीचा आणखी एक रस्ता येऊन मिळतो, इंग्रजी टी अक्षरासारखा, आणि तो नेम धरल्यासारखा दारावर येतो. फाटकापासून दारापर्यंत १२ फूट अंगण, त्यातले शेवटचे पाच फूट छपराखाली. दार साडेतीन बाय सात, आत उघडणारं. आत चार फूट रुंद, नऊ फूट लांब बोळ. डावीकडे बैठकीची खोली. बोळाच्या टोकाला अर्धी भिंत आणि अर्धी स्वयंपाकघराची वाट, आणि त्या वाटेच्या रेषेत मागचं दार.

आता बोळातलं सामान. दाराच्या पाठीशी दीड फूट खोल चपलांचं कपाट. दार त्याला टेकून साठ-पासष्ट अंशांवरच अडायचं. भूमितीच्या सरांच्या घरी काटकोन होत नव्हता. कपाटापुढे छोटं टेबल. त्यावर काचेच्या भांड्यात लकी बांबू, शेजारी हसणारा बुद्ध, त्याच्याशेजारी तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक. आतल्या मुठीला लाल दोऱ्यात ओवलेली चौकोनी भोकाची तीन नाणी. वर सहा नळ्यांची पवनघंटी. समोरच्या अर्ध्या भिंतीवर दोन बाय चारचा आरसा. बाहेर चौकटीच्या डोक्यावर आठकोनी आरसा, कडेनं आठ त्रिरेखा, म्हणजे तीन-तीन रेघांची चिन्हं, काढलेला. खर्च किती, असं विचारल्यावर सर म्हणाले, "चार हजार दोनशे." पावत्या फाईलला लावलेल्या होत्या.

हे सगळं सूनबाईंनी आणलं होतं, आणि मनापासून आणलं होतं. सर निवृत्त झाल्यापासून गप्प-गप्प असतात, घरात येणं-जाणं कमी झालंय, हे तिला पुण्यात बसून जाणवलं, घरात बसलेल्यांना जाणवलं नव्हतं. म्हणून या प्रकरणात तिला हसायचं मी ठरवलं नाही. तिनं रोग बरोबर ओळखला होता. औषध मात्र दुकानदाराच्या सल्ल्यानं घेतलं होतं.

मी भांड्याशी वाकून पाहिलं. बांबूच्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नळाला रोज पाणी येत नाही, मग शोभेच्या रोपाचं पाणी कोण बदलणार? शिवाय हा बांबू बांबूच नाही. ते ड्रॅसिना, मूळचं मध्य आफ्रिकेतलं. सावलीत जगणारं झाड, आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या पश्चिमेच्या उन्हाच्या पट्टीत त्याची पानं विडी पेटवल्यासारखी टोकाकडून जळत गेलेली. हसणारा बुद्धही गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा झोळीवाला चिनी भिक्खू, ज्याला लोक मैत्रेयाचा अवतार मानू लागले. काकू त्याच्यापुढे बुद्धपौर्णिमेला उदबत्ती लावत. लावू दे, त्यात काही बिघडत नाही.

सरांच्या आईंना सगळे माय म्हणतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर शाबूत, बोली अस्सल अहिराणी. मी टेप गुंडाळत असताना त्या काठी टेकत बोळापर्यंत आल्या. आरशाकडे काठी दाखवून म्हणाल्या, "हाऊ आरसा आठे कसाले? रातले उठनू का माले भ्याव वाटस." रात्री उठलं की त्यांना समोर कुणीतरी म्हातारी उभी दिसते. मग त्यांनी टेबल, बेडूक, कपाट असं सगळं एकवार न्याहाळलं आणि मला विचारलं, "लक्ष्मी उनी तर ती बठी कोठे?"

मी वहीत लिहून घेतलं. लक्ष्मी आली तर ती बसेल कुठे. पुढचे तीन महिने माझं सगळं काम या एका वाक्याभोवती फिरलं.

होकायंत्राचं त्यामानानं लवकर आटपतं. मोबाइलवरचं होकायंत्र सूनबाईंना २५७ अंश दाखवत होतं. मी साधं सुईचं आणलं होतं. ("कंपासपेटी आणलीस का?" सरांनी विचारलंच.) दाराच्या चौकटीत उभं राहून २६६, फाटकाजवळ २५९, फाटक आणि मोटारसायकल दोन्हींपासून दूर, घराच्या भिंतीला समांतर रेषा धरून २६३. लोखंडी फाटक सुईला ओढतं, एवढाच त्याचा अर्थ. पण लोपान या फेंगशुईच्या चिनी होकायंत्राच्या चकतीवर ३६० अंशांचे २४ भाग असतात, प्रत्येकी १५ अंशांचे, आणि त्यातली एक सीमारेषा बरोबर २६२.५ वर येते. म्हणजे मोटारसायकल कुठे लावली आहे यावर या घराची पत्रिका बदलणार! एवढ्या बारकाव्यावर घर पाडायला किंवा बांधायला निघणारे लोक मी पाहिलेत. मी वहीत "पश्चिम" एवढंच लिहिलं.

सूनबाईंच्या दोन ॲपमध्येही जुळत नव्हतं. एक ॲप दार हाच पाया धरून घराचे नऊ चौकोन पाडत होतं. दार कुठल्याही दिशेला असो, दाराची ओळ म्हणजे ज्ञान, करिअर आणि मदतगार. ही रीत अमेरिकेत १९८०च्या दशकात लिन युन या फेंगशुई-गुरूंनी रुजवली. दुसरं ॲप जुन्या पद्धतीनं दिशा धरत होतं, त्यात पश्चिम म्हणजे मुलंबाळं. एकाच बोळात एका ॲपला करिअर दिसत होतं, दुसऱ्याला नातवंडं.

मग वैयक्तिक आकडा, ज्याला क्वा म्हणतात. पुरुषाच्या जन्मसालाच्या शेवटच्या दोन अंकांची एक अंक उरेपर्यंत बेरीज करून ती दहातून वजा करायची. बाईच्या बेरजेत पाच मिळवायचे. सन २००० च्या आधी जन्मलेल्यांचा हा हिशोब. सर १९५८चे: पाच आणि आठ तेरा, एक आणि तीन चार, दहातून चार गेले, सहा. काकू १९६२च्या: सहा आणि दोन आठ, अधिक पाच तेरा, म्हणजे चार. सहाच्या माणसाला पश्चिम ही सगळ्यात भाग्याची दिशा. चारच्या माणसाला तीच पश्चिम "सहा घात" करणारी. सरांनी मान डोलावली. काकू म्हणाल्या, "म्हणजे दार यांना लाभतं आणि उघडायला मात्र मी." मी आकड्यांचा कागद मिटला. तो पुन्हा कुणी मागितला नाही.

सरांना खरा प्रश्न वेगळाच होता. "ही ची ची म्हणतात, ती असते तरी काय?"

सरांचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. जमीन फडातली. फड पद्धत ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: नदीत बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चारीतून शेत, आणि जास्तीचं पाणी सांडव्यातून परत नदीत. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी कुणाला कधी सोडायचं ते पाटकरी बघतो. मी म्हटलं, "सर, ची म्हणजे सगळीकडे वाहणारी जीवनशक्ती, असं चिनी लोक मानतात. ती पाटाचं पाणी समजा. चौथ्या शतकात ग्वो पू नावाचा एक पंडित होऊन गेला. कबरीची जागा कशी निवडावी यावरचा एक ग्रंथ त्याच्या नावावर सांगतात. त्यात म्हटलंय की ची वाऱ्यावर स्वार झाली की विखुरते आणि पाण्याच्या काठाशी आली की थबकते. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. पाणी फार जोरात आलं तर शेत धुऊन नेतं, आलंच नाही तर पीक करपतं, साचून राहिलं तर कुजतं. हळू यावं, वळत यावं, थोडं थांबावं आणि पुढे जावं. दाराचंही तेवढंच."

सरांचा चेहरा खुलला. शिकवणाऱ्याला उदाहरण पटलं की चेहरा कसा होतो ते मी लहानपणी पाहिलेलं आहे.

ची कुठल्याच यंत्रात मोजता येत नाही. पण दारातून उजेड येतो, वारा येतो, धूळ, आवाज, माणसं आणि नजर येते. या सहाही गोष्टी मोजता येतात, नाहीतर निदान दिसतात. या घरी त्या कशा येत होत्या? ऊन दुपार कलल्यापासून मावळतीपर्यंत थेट दारावर. फळीला हात टेकवत नव्हता. वारा पश्चिमेचा; तो या मुलखात किती वाहतो हे सांगायला साक्रीच्या ब्राह्मणवेल पठारावरच्या पवनचक्क्या पुरे. समोरच्या रस्त्यावरून तो धुळीसकट सरळ दारात. रात्री वळणाऱ्या गाड्यांचे दिवे आत शिरून आरशात दुप्पट व्हायचे. अशा सरळ येणाऱ्या रस्त्याला फेंगशुईत विषारी बाण म्हणतात, वास्तुशास्त्रात वीथीशूल. नावं वेगळी आहेत, डोळ्यांत जाणारी धूळ तीच.

हा मारा चुकवण्यासाठीच तर बाहेर आठकोनी आरसा लावला होता. त्याचं काय झालं, तर तो रस्त्याच्या जरा डावीकडे झुकलेला होता आणि संध्याकाळचं ऊन कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीत फेकत होता. त्या घरातल्या बाईंनी काही न बोलता आपल्या खिडकीवर तसाच आरसा आणून लावला, याच्या दिशेनं तोंड करून. दोन महिने ही आरशांची लढाई चालू होती आणि दोन्ही घरांचं हळदीकुंकू थांबलेलं होतं. पहिल्याच दिवशी मी तो आरसा उतरवायला लावला. काकूंनी तो उतरवला आणि तडक कोपऱ्यावरच्या घरी जाऊन सांगून आल्या. या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर लागू पडलेला उपाय हाच.

आतला आरसाही चुकीच्याच जागी होता, आणि तेही फेंगशुईच्याच नियमानं. दारासमोरचा आरसा येणारी ची परत बाहेर ढकलतो असं मानतात. आरसा हवाच तर बाजूच्या भिंतीवर. बेडकाचंही तसंच. त्याचं तोंड घरात हवं, दाराकडे नको, नाहीतर तो नाणं घेऊन बाहेर निघतो म्हणे. इथे तो थेट दाराकडे बघत बसला होता. वस्तू विकणारा त्यासोबत नियमाची चिठ्ठी देत नाही.

व्हिडिओ कॉलवर सूनबाईंनी एक प्रश्न विचारला, जो मला आजवर फार कमी लोकांनी विचारलाय. "दादा, चिनी लोक दक्षिणेचं दार उत्तम म्हणतात आणि आपल्याकडे दक्षिणेचं नको म्हणतात. मग खरं कोण?"

बीजिंग साधारण ४० अंश अक्षांशावर आहे. तिथे उत्तरेकडून हिवाळ्यात हाडं गोठवणारा आणि वसंतात वाळू आणणारा वारा येतो. ऊन हवं तर दक्षिणेकडूनच मिळणार. म्हणून राजवाडासुद्धा दक्षिणमुखी, आणि त्यांच्या काही जुन्या नकाशांत वरच्या बाजूला दक्षिण. पाठ उत्तरेला टेकवायची आणि तोंड उन्हाकडे करायचं. धुळं २१ अंशांवर. जूनमध्ये तर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच जातो. आम्हाला ऊन बोलवायचं नाही, थोपवायचं आहे. आमचा वैरी वारा उत्तरेचा नाही, उन्हाळ्यातला पश्चिमेचा. बीजिंगचं उत्तर जसंच्या तसं देवपुरात आणलं तर काय होईल हे मी तिला सांगितलं, आणि ती म्हणाली, "मग त्यांनी उत्तरेला जे केलं ते आपण पश्चिमेला करायचं." मी जे दोन तास बोललो असतो ते तिनं एका वाक्यात आटपलं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग मी चूक केली.

रेषा तोडायची होती. रस्ता, फाटक, दार, बोळ, मागचं दार, सगळं एका दोरीत. मी बोळात दारापासून तीन फुटांवर प्लायवूडचा जाळीदार आडोसा उभा केला. कागदावर फार देखणा दिसत होता. पहिल्या दिवशी बोळात अंधार झाला आणि दिवसा दिवा लागला. तिसऱ्या दिवशी पुढचं दार मुद्दाम उघडून घेतलेला सिलिंडरवाला आडोशापाशी अडकला. सिलिंडर खांद्यावर, वळायला जागा नाही. त्यानं माझ्या कामाविषयी जे मत दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवव्या दिवशी माय काठीसकट आडोशाला अडखळल्या. काकूंनी धरलं म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी मी सुतार घेऊन गेलो आणि आडोसा काढला. आडोशाचा खर्च मी माझ्याकडे घेतला. पुस्तकातले चिनी पडदे मोठ्या दालनात उभे असतात. चार फुटी बोळात त्याचं बूच होतं, हे मला उभारायच्या आधी कळायला हवं होतं.

बीजिंगच्या जुन्या अंगणघरांत आडभिंत फाटकाच्या आत, पण खोल्यांच्या बाहेर असते. यिंगबी म्हणतात तिला. येणाऱ्याची नजर भिंतीवर थांबते, मग तो वळतो. आपल्या वाड्यांत देवडीतून वळूनच चौकात जावं लागायचं, त्याचाच हा भाऊ. भिंत बाहेर हवी होती.

छज्जा वाढवला तर चालणार नाही का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, हे गणित तुम्हीच करा. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला केलं. मेमध्ये दुपारी चारला सूर्य साधारण ४० अंशांवर; छज्जा अडीच फूट वाढवला तर दारावर दोन फुटांच्या आसपास जास्तीची सावली उतरते. साडेपाचला सूर्य २० अंशांवर. जास्तीची सावली जेमतेम ११ इंच. सात फुटांचं दार आणि ११ इंच सावली! पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला आडवा छज्जा काय करणार? त्याला उभंच काहीतरी लागतं. सरांनी खाली दोन रेघा मारल्या, उत्तर आल्यावर फळ्यावर मारायचे तशा.

मग अंगणात, दारापासून सहा फुटांवर, छपराच्या कडेच्या जरा पुढे, सिमेंटच्या जाळीच्या ठोकळ्यांची पाच फूट रुंद आणि सहा फूट उंच भिंत उभी केली. भरीव केली असती तर वाराच मेला असता. जाळीतून तो चिरत येतो, धूळ बरीचशी पलीकडे टाकतो. पायथ्याला मधुमालती लावली. ती या उन्हाला दाद देत नाही. फाटकातून आलेला माणूस आता भिंतीशी येतो आणि उजवीकडून वळून दाराशी जातो. सिलिंडर घेऊनही जाता येतं. मोजून पाहिलं, या वेळी आधी.

आणि ओटा. छपराखाली दक्षिणेच्या भिंतीला लागून सहा फूट लांब, वीस इंच रुंद, अठरा इंच उंच, वर शहाबादी फरशी. त्याच्या पोटात झडपेआड चपलांचे दोन कप्पे, म्हणजे बोळातलं ते कपाट गेलंच. फेंगशुईत दारापुढच्या मोकळ्या, उजेडाच्या जागेला मिंगतांग म्हणतात, उजळ दालन. ची तिथे येऊन क्षणभर विसावते आणि मग आत जाते. खानदेशात धाब्याच्या घरांना ओटा असायचाच. कुणी आलं की आधी ओट्यावर टेकायचं, पाण्याचा तांब्या यायचा, मग ठरायचं की हा आत येणारा पाहुणा की बाहेरूनच जाणारा. नव्या कॉलन्या झाल्या तसा ओटा कापला गेला, कारण तेवढ्या जागेत गाडी उभी राहते. मायनं विचारलं होतं, लक्ष्मी बसेल कुठे. त्यांना मिंगतांग ठाऊक नव्हतं, ओटा ठाऊक होता.

उंबरा टाइल्स बसवताना काढून टाकलेला होता. काकू इतकी वर्षं नुसत्या टाइलवर हळदकुंकू वाहत होत्या, आणि पावसाळ्यात विंचू त्याच वाटेनं आत येत होते. दीड इंचाचा, दोन्ही अंगांनी उतरता केलेला सागाचा उंबरा बसवला. त्याहून उंच मायला झेपला नसता. दार लाल करायचं का, हा वाद थोडा चालला. पश्चिमेचं तत्त्व धातू, लाल म्हणजे अग्नी, आणि अग्नी धातू वितळवतो. धातू जन्मतो तो मातीतून. म्हणून मातीचा रंग सुचवला. काकूंनी दाराला तेलपाणी केलं आणि बाहेरच्या पायरीला गेरू लावला. गेरू रंगानं तांबडा आहे, पण जातीनं माती. दोन्ही पक्षांचं समाधान झालं, त्यामुळे मी जास्त खोलात गेलो नाही.

पवनघंटी उन्हाळ्याच्या वाऱ्यात रात्रभर भांडी आपटल्यासारखी वाजायची. ती कुणालाच नको होती, पण काढायचं धाडस कुणी करत नव्हतं. मी काढली. बांबू कोपऱ्यावरच्या बाईंनी नेला, त्यांच्याकडे सावलीची खिडकी आहे. बुद्ध बैठकीत पुस्तकांच्या कपाटावर. आरसा बोळाच्या बाजूच्या भिंतीवर. बोळ थोडा रुंद वाटतो आणि मायला रात्री म्हातारी दिसत नाही.

मागचं आणि पुढचं दार एका रेषेत, हा दोष मात्र मी तसाच ठेवला. चीनच्या हिशोबानं ची आली तशी निघून जाते. आमच्या हिशोबानं रात्री आठनंतर त्याच रेषेतून घर निवतं, तिला मी हात लावणार नाही. मधल्या वाटेला जाड पडदा टाकला आणि वेळा ठरवल्या: सकाळी दहापर्यंत दोन्ही दारं उघडी, मग पडदा आणि पुढचं दार बंद, ऊन भिंतीआड गेलं की पुढचं उघडं, रात्री दोन्ही. या वेळा पाळणार कोण? सरांनी मायकडे बोट दाखवलं. "या आपल्या पाटकरी."

एकंदर खर्च, माझा तो आडोसा सोडून, ३४ हजार. काम आषाढात संपलं, कारण त्यापुढे सवड नव्हतीच: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते आणि यंदा भाऊबंदकीनं ती सरांच्या घरी धरली होती. घराला चुना लागला, दाराला आंब्याचं तोरण. संध्याकाळी कानबाई आली ती पुढच्या दारानं. भिंतीला वळसा घालताना वाजंत्रीवाल्यांचा थोडा घोळ झाला, पण गेली बाई नीट आत. रात्रभर जागरण. ओट्याच्या पोटात चौदा जोड मावतात. त्या रात्री चपला फाटकापर्यंत पसरल्या होत्या आणि ओट्यावर चार म्हाताऱ्या खेटून बसल्या होत्या. कोपऱ्यावरच्या बाईही त्यांत होत्या.

परिणाम काय झाला, हे विचारणारच. पुढच्या दारानं माणसं येऊ लागली. सर सकाळी ओट्यावर पेपर वाचतात, त्यामुळे रस्त्यानं जाणारा दुसरा निवृत्त मास्तर आपोआप फाटकात वळतो. आता तिघेजण जमतात आणि त्यांचा आवाज मागच्या गल्लीपर्यंत जातो. घर दुपारी किती थंड झालं हे मी आत्ता सांगणार नाही. काम झालं तेव्हा पाऊस लागला होता आणि पावसाळ्यात सगळीच घरं थंड असतात. पुढच्या मेमध्ये चारला पुन्हा जाईन, फळीला हात लावून बघेन. मधुमालती तोवर भिंतीच्या डोक्यापर्यंत पोहोचलेली असेल.

भाद्रपदात सरांच्या निवृत्तिवेतनाचा थकलेला फरक जमा झाला. सूनबाईंचा आनंदानं फोन आला, बेडकाचा गुण आला म्हणून. बेडूक तेव्हा माळ्यावर जुन्या वह्यांच्या खोक्यात होता. फरकाची मंजुरी मार्चमध्येच झालेली होती, सरांनी मला तो कागद दाखवला होता. यातलं मी तिला काहीच सांगितलं नाही. पण सरांनी बेडूक खाली काढला.

परवा गेलो तेव्हा तो ओट्यावर होता. पश्चिमेचा वारा सुटला की पेपर उडतो, म्हणून माय त्यावर बेडूक ठेवतात. तोंड कोणत्या दिशेला होतं ते मी पाहिलं. माय माझ्याकडेच बघत होत्या. मी ओट्यावर टेकलो आणि पाणी मागितलं.